भाताच्या खोलीची कडी

मोहघर, ६ जानेवारी २०२५

स्नेहा,

आशीर्वाद लिहितेय. घ्यायचे तर घे, नाहीतर ठेव बाजूला. आशीर्वाद काही नासत नाहीत.

फोन तू उचलत नाहीस. माझा नंबर ब्लॉक केलास, बाबांचा केलास, आणि परवा शेजारच्या पुतळाकाकीच्या फोनवरून लावला तर माझं नुसतं 'हॅलो' ऐकून ठेवून दिलास. पुतळाकाकी तोंडावर पदर घेऊन हसली. मग म्हटलं पत्र लिहू. दहावी शिकलेल्या बाईला पत्र लिहायला काय जातंय? जातंय गं. सकाळपासून वहीचे कागद फाडतेय.

हे पोस्टात टाकणार नाही. आपले काळूराम कंडक्टर म्हणाले, "वैनी, पोस्ट कशाला? आमची लाइन हाय ना. हितून भिवंडी, भिवंडीवरून ठाना, ठान्यावरून राजापूरची गाडी. हातोहात जाईल. स्नेहाचं नाव घेतलं का डेपोत कोनीपन घेईल." मी विचारलं, पोचलं ते कळणार कसं? तर म्हणाले, "आमच्यात पावती नसते. मानूस न्हाय भेटला, न्हायतर त्यानं घेतलं न्हाय, तर वस्तू उलट्या गाडीनं परत येते. परत न्हाय आली म्हंजे पोचली." एसटीत एवढी वर्षं काढलेला माणूस आहे, खोटं कशाला बोलेल.

आधी कामाचं लिहिते. रागाचं नंतर, कागद उरला तर.

आपली मुक्कामाची गाडी बंद करायचं चाललंय. तू पाळण्यात होतीस तेव्हापासून संध्याकाळी येऊन गावदेवीच्या देवळापुढे रात्रभर उभी राहते आणि पहाटे पहिली सुटते ती. काळूराम फेब्रुवारीच्या शेवटाला रिटायर होतायत. त्यांच्या जागी ड्युटी लागलीय ती प्राजक्ता नावाच्या मुलीची, जव्हारकडची आहे. ड्रायव्हर बाबूचा प्रश्न नाही, तो गाडीतच मागच्या सीटवर आडवा होतो. पण मुलगी कुठे झोपणार? काळूराम समाजमंदिरात झोपायचे, ते आता धनेशने कुठल्याशा ऑनलाइन कंपनीच्या खोक्यांना भाड्याने दिलंय. सरपंच झाल्यापासून त्याला छप्पर दिसलं की गोडाऊन दिसतं. डेपोतून ग्रामपंचायतीला पत्र आलं, लेडीज कंडक्टरसाठी नीट खोली दाखवा, नाहीतर मार्चपासून मुक्काम बंद. मग दुपारची एकच फेरी येईल. दुपारी कोणाला जायचंय? कॉलेजच्या पोरींना? पाड्यावरच्या चंद्राला, जी पहाटेच्या गाडीने वालाच्या शेंगा घेऊन भिवंडीच्या बाजारात बसते?

तू कंडक्टर आहेस. काळूराम सांगत होते, तुलाही आता मुक्कामाची ड्युटी असते, आठवड्यातून काही रात्री परक्या गावात झोपतेस. तर एवढंच कळव की खोलीत तुम्हाला काय लागतं. मी इथे गावकीत सांगेन. बाकी काही विचारत नाही. कोणाच्या घरी झोपतेस, ते भाकरी देतात की नुसता भात, आमटीत खोबरं घालतात का, यातलं काहीही मी विचारत नाहीये.

इथे अजून गाडीवाल्यांच्या भाकरीची पाळी आहे. आज आपल्या घरची होती. काळूरामांनी दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि तिसरी तुझ्या नावाने बांधून घेतली. म्हणाले, राजापूरला पोचेपर्यंत कडक होईल, पण देतो. मी म्हटलं नको, ती खाणार नाही. मग त्यांनीच खाल्ली.

आई


मोहघर, २७ जानेवारी

स्नेहा,

पत्र परत आलं नाही. रोज संध्याकाळी गाडी थांबली की मी देवळाच्या पायरीवर जाऊन बसते आणि काळूराम उतरले की त्यांच्या हाताकडे बघते. त्यांचे हात मोकळे असले की घरी येते. बायका म्हणतात, रूपा आता देवभोळी झाली.

काल सव्वीस जानेवारीची ग्रामसभा होती. झेंडावंदन झालं, पोरांना बुंदी वाटली आणि शाळेच्या व्हरांड्यात सगळे बसलो. गाडीचा विषय सगळ्यात शेवटी घेतला, म्हणजे बायका स्वयंपाकाला उठून जातील. आम्ही उठलो नाही. पुतळाकाकीने तर कुकर लावूनच आले म्हणून सांगितलं.

धनेश उभा राहिला. लहानपणी याचं नाक मी पुसलंय, आता गळ्यात साखळी आहे म्हणून नाक दिसत नाही एवढंच. म्हणतो, "काकी, गाडीत आता बसतंय कोन? घरटी बाईक हाय. गोडाऊनच्या पोरांना कंपनीची बस हाय. रिकामी गाडी फिरवून डेपोला पन परवडत न्हाय."

मी म्हटलं, "घरटी बाईक हाय, पन त्या बाईकवर बाईमानसाला बसवतंय कोन? तुजी बायको माहेरी जायला तुला कितींदा इचारते ते तिला उबी करून इचारू का?" ती पलीकडेच बसली होती. खाली मान घालून हसत राहिली, आणि मग सगळा व्हरांडाच हसायला लागला.

तेवढ्यात चंद्रा उठली. पाड्यावरची माणसं सभेत मागे भिंतीला टेकून बसतात आणि संपायच्या आधी निघून जातात, तुला माहीत आहे. तिला कधी बोलताना मी ऐकलं नव्हतं. म्हणाली, "माजी टोपली कोनाच्या बाईकवर बसल?" ती थोडा वेळ उभी राहिली, खरंच कोणीतरी सांगेल असं समजून. मग म्हणाली, "गाडी न्हाय त वाल शेतावरच सुकल," आणि खाली बसली.

धनेश नरमला, पण हरायचं नाही हे त्याच्या बापाचंच वळण. म्हणतो, "मी कुटं न्हाय म्हनतोय? पन खोली कोन देनार? बाईमानूस हाय, उद्या कायी झालं तर गावाचं नाव खराब. काकी, तुमी देता खोली?"

मी म्हटलं, "देते."

रागात बोलले. बोलून गेल्यावर कळलं की घरात रिकामी खोली एकच आहे. भाताची. म्हणजे तुझी.

तुझे बाबा सभेला नव्हते, गोडाऊनच्या गेटवर त्यांची ड्युटी होती. पण गेटवर बातमी माझ्याआधी पोचली. घरी येऊन जेवले. हात धुताना म्हणाले, "कुटली खोली?" मी म्हटलं, भाताची. तर म्हणाले, "ती पोरीची हाय." तू गेल्यापासून तुझं नाव नाही, की 'पोरगी' हा शब्दसुद्धा नाही या माणसाच्या तोंडात. काल आला. मी ताटं उचलली आणि मागे जाऊन उगाचच भांडी दुसऱ्यांदा घासली.

तर तुझी खोली मी देतेय. तुझी पुस्तकं, ती पोलिस भरतीची आणि कंडक्टरच्या परीक्षेची, सगळी पत्र्याच्या पेटीत भरते. भिंतीवर तू पेन्सिलीने केलेली गणितं पुसणार नाही, वर कॅलेंडर लावेन. हे काही तुला पसंत नसेल तर ये आणि तोंडावर सांग. मी ऐकून घेईन.

आई


मोहघर, ८ फेब्रुवारी

स्नेहा,

तुझा निरोप मिळाला.

काल संध्याकाळी गाडी आली. मी पायरीवर होते, चंद्रा टोपली उतरवत होती, कॉलेजच्या पोरी उतरत होत्या. काळूराम दारातच थांबले आणि तिकिटं फाडावी तशा सुरात सगळ्यांसमोर म्हणाले, "वैनी, राजापूरवरून निरोप हाय. तिकडच्या कंडक्टरनं ठान्याच्याला सांगितलं, ठान्याच्यानं मला. 'आतून कडी हाय का?' एवडंच."

मी म्हटलं, आणखी? म्हणाले, "आनखी कायी न्हाय. मी पन दोनदा इचारलं."

बायका हसल्या. पुतळाकाकी म्हणाली, "आता आपल्या मोहघरात कोनाच्या खोलीला आतून कडी हाय? आपन काय लाटसाहेब लागून गेलो?" आणि खरंच, घरी येताना मी डोळ्यांपुढे एकेक घर आणलं. बाहेरच्या दाराला कडी आहे, मोरीला आहे. आतल्या खोल्यांना आतून कोणाच्याच नाही. चंद्रा मात्र हसली नव्हती. टोपली डोक्यावर घेऊन ती पाड्याच्या वाटेला लागली.

आता मला बोलू दे. नऊ महिन्यांनी तुझा शब्द आला आणि तो हा? तोंडात मारायला दुसरं काही सापडलं नाही?

त्या सकाळचं तू मनात धरून बसलीयस ते मला काय कळत नाही? दापोड्याचे पाहुणे दुपारी तुला बघायला येणार होते. तू म्हणालीस, मी पहाटेच्या गाडीने जाणार, ड्युटीवर हजर व्हायचंय. मी म्हटलं, पाहुणे येऊन जाऊ देत, मग जा, एक दिवसाने नोकरी पळून जात नाही. तुझे बाबा म्हणाले, ट्रान्सपोर्टवाल्यांच्या घरात पडलीस तर कंडक्टरकी करायची वेळच येणार नाही. भांडण झालं. झोपलो. आणि पहाटे तुझ्या खोलीला बाहेरून कडी. तू दार वाजवलंस, मी मागच्या पडवीत पाणी तापवत होते, पाण्याची मोटार चालू होती, मला ऐकू आलं नाही. तू खिडकीचा गज वाकवून बाहेर पडलीस. काळूरामांनी तुझ्यासाठी गाडी धरून ठेवली, हे मला त्यांनी नंतर सांगितलं. मला दिसली ती नुसती उघडी खिडकी आणि गजाला अडकलेलं तुझ्या ओढणीचं टोक.

तू सगळ्यांना सांगितलंस की आईने मला कोंडलं.

ती भाताची खोली आहे, स्नेहा. तिथे आपली भाताची कणगी होती. मांजर आत गेलं, कोंबडी गेली की सगळी नासाडी, म्हणून त्या दारावरून जो जाईल त्याने कडी लावायची, हे या घरात तुझ्या आजीच्या वेळेपासून आहे. मी लग्न होऊन आले त्या दिवशी पहिली गोष्ट सांगितली ती हीच. तू स्वतः लहान असल्यापासून टाचा उंचावून ती लावायचीस, तुझे बाबा हसायचे. कडी लावायला या घरात मन लागत नाही, हात लावतो. त्या पहाटे कोणी लावली? मी असेन, बाबा असतील. कोणाला आठवतंय? दारावरून गेलो, लावली.

तू म्हणशील, भात संपून किती वर्षं झाली. हो, झाली. खाचरं गोडाऊनखाली गेली, कणगी मोडून आपण चुलीत घातली, आता दुकानातून तांदूळ आणतो. भात गेला पण हात राहिला. यात माझा काय गुन्हा?

तू जावंस असं मला वाटत नव्हतं. हे मात्र मी नाकारत नाही. पण मनात असणं वेगळं आणि हाताने करणं वेगळं. एवढा फरक तरी तुझ्या शिक्षणात शिकवला असेल.

आई

लिहून झाल्यावर वाचलं. पाठवू नये असं वाटतंय. पण काळूराम दारात उभे आहेत आणि बाबू हॉर्न वाजवतोय. जाऊ दे.


मोहघर, २३ फेब्रुवारी

स्नेहा,

तेही पत्र परत आलं नाही. माझा स्वभाव तुला ठाऊक आहे म्हणून घेतलं असशील.

कडी बसली. आतून.

मी काही बोलले नव्हते. तुझ्या निरोपाचं तुझ्या बाबांना गाडीवरच्या कोणीतरी सांगितलं असणार. गेल्या रविवारी सकाळी सायकल काढून पडघ्याला गेले आणि हार्डवेअरच्या दुकानातून कडी आणली. दाराला लावून बघितली, म्हणाले लहान आहे, परत गेले. दुसरी आणली तिचा खिळा ढिला. पुन्हा गेले. शेवटी आणली ती ही एवढी, पितळेची, बोटभर जाड. मी म्हटलं, "एवडी कशाला? तो काय तुरुंग हाय?"

तर म्हणाले, "तुरुंगाची भायेर असते."

एवढं बोलून भोकं पाडायला बसले. हा माणूस चार महिन्यांत एकदा बोलतो आणि मग मला आठ दिवस झोप लागत नाही.

परवा डेपोतले साहेब आले. धनेश त्यांना स्वतःच्या गाडीतून घेऊन आला, जसं काही खोली त्यानेच बांधली. साहेबांनी खोली बघितली, मोरी बघितली, पंखा चालू करून बघितला. मग दार लावलं, आतून कडी घातली आणि बाहेर उभ्या असलेल्या आम्हाला म्हणाले, ढकला. धनेशने खांदा लावला, दार हललं नाही. साहेब बाहेर आले आणि म्हणाले, चांगली आहे, खेड्यात असं कोणी बघत नाही. पाड्यावरून चंद्रा आली होती, तिने सरळ विचारलं, "मंग गाडी राहिली ना साहेब?" तीन महिने बघू म्हणाले, प्रवासी किती मिळतात त्यावर. चंद्राने मान हलवली. दुसऱ्या दिवशी पहाटे तिने पाड्यावरच्या आणखी बायका आणल्या गाडीत बसवायला. काही तर नुसत्या भिवंडीला जाऊन स्टँडवर चहा पिऊन परत आल्या, गाडी भरलेली दिसावी म्हणून. पैसे कुठून आणले ते विचारलं तर म्हणते, "बायांचं अर्ध तिकीट हाय, बाय. तुमाला म्हाईत न्हाय?"

एक सांगायचं आहे. हसू नकोस.

काल दुपारी घरात कोणी नव्हतं. मी झाडायला म्हणून त्या खोलीत गेले आणि दार लोटून आतून कडी लावली. नवीन आहे, नीट बसते का बघू, असं स्वतःलाच सांगितलं. मग खाटेवर बसले. या घरात येऊन माझी तीस वर्षं होतील आता. मोरी सोडली तर मी कधी कुठल्या खोलीत आतून कडी लावून बसले नव्हते. काय करायचं असतं अशा वेळी ते मला कळेना. केस सोडले, परत बांधले. तुझी भिंतीवरची गणितं वाचली, कॅलेंडर वर करून. तुझे बाबा आले, त्यांनी हाक मारली, चहाचं विचारलं. मी 'आले' म्हटलं आणि उठले नाही. त्यांनी दार लोटलं. उघडलं नाही. मग त्यांच्या चपलांचा आवाज चुलीकडे गेला आणि त्यांनी स्वतः चहा ठेवला. साखर जास्त झाली होती.

मला फार बरं वाटलं, स्नेहा. मग मला त्या बरं वाटण्याचाच राग आला. हे तुला आधीपासून कळत होतं तर तू मला भांडून का सांगितलं नाहीस? खिडकीतून कशाला गेलीस?

काळूराम शुक्रवारी शेवटची गाडी आणतील. गावाने त्यांच्यासाठी शाल-नारळ ठरवलंय, धनेश भाषण करणार आहे. काळूराम मला म्हणाले, "भाषन नको, भाकरीची पाळी तुमच्याकडं घ्या." ते पुढे म्हणाले, आता पत्र प्राजक्ताच्या हाती द्या, तिला लाइन समजावून सांगितलीय.

आई


मोहघर, ६ मार्च

स्नेहा,

हे पत्र घाईत लिहितेय, अक्षर समजून घे.

प्राजक्ता सोमवारपासून मुक्कामाला येतेय. बारीक आहे, तुझ्यापेक्षा लहान दिसते, पण गाडीत चढली की आवाज असा की देवळापुढे उभा असलेला धनेशसुद्धा बाजूला सरकतो. पहिल्या दिवशी खोलीत गेली, आधी दारामागे बघितलं. कडी दिसली तशी खांद्यावरची बॅग खाली ठेवली. कडी बघेपर्यंत तिने बॅग खाली ठेवली नव्हती. तू पण असंच करतेस का गं? परक्या घरात जाऊन आधी दारामागे बघतेस?

आज सकाळचं सांगते.

पहाटे मी उठले, मागे पाणी तापवायला गेले, परत आले, चहा ठेवला. बाबूने गाडी चालू केली, हॉर्न दिला. प्राजक्ता येईना. मला वाटलं, पोरगी झोपली की काय. तेवढ्यात दारावर थाप. "काकू. काकू, बाहेरून लागलंय."

मी दाराशी गेले. जुनी कडी, आपली बाहेरची लोखंडाची, कोयंड्यात बसलेली. तुझे बाबा रात्रपाळीला गेटवर होते, अजून आले नव्हते. घरात मी एकटीच. दुसरं कोणी नव्हतंच, स्नेहा. मी जाताना लावली असेल नाहीतर येताना, मला आठवत नाही, आताही आठवत नाही. हाताने लावली.

आणि तुला खरं सांगू, मला पहिल्यांदा आनंद झाला. म्हटलं बघ, आता बघ म्हणावं तिला. खोटं बोलत नव्हते मी. असंच झालं होतं त्या दिवशीही, सवयीने, कोणाच्या मनात काही नसताना. कधी एकदा हे तुला लिहिते असं झालं. कडीवर हात ठेवून मी अशी उभी राहिले, आणि आत ती पुन्हा म्हणाली, "काकू?"

मी दार उघडलं.

ती तयार होती. खाकी ड्रेस, गळ्यात तिकिटाचं मशीन, वेणी ओली. नुसती माझ्याकडे बघत होती. चेहरा पांढराफटक आणि एक हात खिडकीच्या गजावर. आतून तिने स्वतःची कडी काढलेली होती, मोठी पितळेची, तुझ्या बाबांनी आणलेली. तिचा काय उपयोग झाला?

त्या दिवशी तुझा चेहरा मी बघितला नव्हता. तू खिडकीतून गेलीस. मी ओढणीचं टोक बघितलं, आणि नऊ-दहा महिने त्याच टोकाशी भांडत राहिले. तुझा चेहरा मला आज दिसला.

मी तिला म्हटलं, पोरी, चुकून लागली गं, सवय आहे. ती म्हणाली, "असू दे काकू, उशीर होतोय," आणि माझ्या बाजूने, मला अजिबात न लागता, अंग चोरून निघून गेली. बाबूने दुसरा हॉर्न दिला. गाडी गेली.

चहा तसाच उकळून उतू गेला.

तुझे बाबा आले तेव्हा मी दारासमोर खाली बसले होते. त्यांना सगळं सांगितलं. म्हटलं, मीच लावली आणि मला आठवत नाही. ते म्हणाले, "त्या दिसाला मी लावली असंल असं मला वाटायचं. मला पन आठवत न्हाय." दोघंही इतके महिने एकाच घरात, एकमेकांना विचारत नव्हतो. मग ते पेटीतून पक्कड आणि पेचकस घेऊन आले. कडी गंजलेली, स्क्रू फिरेनात. तेल सोडलं, पुन्हा फिरवलं. शेवटचा निघाला तेव्हा लाकडाचा कपचा सुटून आला. दाराला भोकं पडलीयत. त्यांना ती बुजवायची होती, मी नको म्हटलं. माझा हात सवयीने तिथे जाईल, तर त्याला भोकं लागू देत.

कोणी लावली हे आता मी तुला पटवून देणार नाही. सवयीने लावली हे खरंच आहे, आणि ते खरं असून तुला काही उपयोगाचं नाही, हे मला आज समजलं. बाहेरून बंद होणाऱ्या खोलीत आम्ही तुला मोठी केली आणि रोज रात्री तुला झोप लागते असं धरून चाललो. तू निरोपात एकच वाक्य विचारलंस, त्याचं उत्तर आता देते. हो, आतून कडी आहे. बाहेरून नाही.

संध्याकाळी प्राजक्ता येईल की नाही याची धाकधूक होती. आली. उतरली आणि गाडीच्या दारातच उभी राहिली. मागून चंद्रा उतरली, तिने तिचा दंड धरला आणि म्हणाली, "चल, मी येते तुज्यासंग." पाड्यावरची चंद्रा आपल्या उंबऱ्याच्या आत कधी आलेली नाही, आपणच कधी बोलावलं नाही. आज आली. दोघींनी दार बघितलं. प्राजक्ताने भोकांवरून बोट फिरवलं, बाबांकडे बघितलं, आणि बॅग खाली ठेवली. चंद्रा म्हणाली, "आता बरं हाय." मी तिला चहा दिला, खाटेवर बस म्हटलं. ती बसली.

ती काढलेली कडी या पत्रासोबत पाठवतेय. माझ्या जुन्या हिरव्या साडीच्या तुकड्यात बांधलीय, गंज कपड्यांना लागेल, जपून सोड. टाकून दे, नाहीतर भंगारात घाल, तुझी तू बघ. प्राजक्ता उद्या पहाटे घेऊन जाईल, भिवंडीला देईल, तिथून ठाण्याला, तिथून तुझ्या गाडीवर. तिने हातात घेऊन बघितली आणि म्हणाली, "जड आहे हो काकू."

काळूराम रिटायर झाले तरी रोज संध्याकाळी देवळाच्या पायरीवर माझ्या शेजारी येऊन बसतात. त्यांना सवय सुटत नाही. मी पण बसते. गाडी वळणावर दिसली की मनात म्हणते, या गाडीतून काही परत येऊ नये.

तू सोडून.

आई